पिल्लूला कुणाकडे ठेवू?

प्रश्न : ताई, नमस्कार. तुमचं सदर मी कॉलेजपासून वाचतेय पण पत्र पहिल्यांदाच लिहितेय, आणि तेही रात्री दीड वाजता मोबाईलवर, एका हातावर लेक झोपलीय, त्यामुळे चुका सांभाळून घ्या.

मी चिपळूणला असते, बाजारपेठेतल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे, स्टाफ आम्ही चौदा जण. पहिलीच डिलिव्हरी. २६ आठवड्यांची रजा मिळाली, त्यातले ३ आठवडे आधीच गेले, आता लेक चार महिन्यांची झालीय आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात जॉइन व्हायचंय. नवरा लोट्याला एमआयडीसीत आहे, शिफ्ट ड्युटी.

सासूबाई गुहागर तालुक्यात गावी असतात. त्या म्हणतात नात माझ्याकडे द्या, शनिवार-रविवार येत जा, आमची पोरं काय वाढली नाहीत का. पण त्यांना इकडे येता येत नाही, आत्ता आंबा-काजू चालू आहे, मग लावणी, घरी दोन गुरं, सासऱ्यांचं पथ्य. पाळणाघराचं नाव काढलं की त्यांचा चेहराच उतरतो, म्हणतात आईबाप असून पोर पोरकी कशाला करायची. माझी आई कुडाळला, वहिनीला सातवा लागलाय, म्हणजे ती तर नाहीच.

दुसरं म्हणजे आमच्या मागच्या गल्लीत एक काकू पाळणाघर चालवतात, तळमजल्यावर, नऊ मुलं आहेत. बाई चांगल्या वाटल्या. आणि तिसरं, शेजारणीने एक मावशी सुचवल्यात, त्या घरी येऊन सांभाळतील, पण दिवसभर बंद फ्लॅटमध्ये अनोळखी बाई आणि माझं बाळ, या विचारानेच पोटात गोळा येतो.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. परवा मी कपाटातून ऑफिसचा ड्रेस काढला, इस्त्री केली, घालून आरशासमोर उभी राहिले आणि मला इतकं बरं वाटलं ना ताई, कितीतरी दिवसांनी मीच मला दिसले. माझं काउंटर, माझा स्टूल, दुपारचा डबा सगळ्यांबरोबर, असं सगळं आठवलं. तेवढ्यात आतून लेक रडली आणि पुढून ड्रेस दुधाने भिजला. मी तिथेच खाली बसून रडले. म्हणजे मला जायचंय पण आहे आणि जायचं नाही पण आहे. बरं वाटलं म्हणून लाज वाटते. आणि उद्या ती त्या काकूंच्या नाहीतर मावशींच्या अंगाखांद्यावर खिदळायला लागली तर मला ते बघवेल का, हे पण माहीत नाही. मी आई म्हणून कमी पडतेय का? काय करू ते सांगा, नवरा म्हणतो तुला योग्य वाटेल ते कर, पैशाचं मी बघतो.

- एक आई, चिपळूण

उत्तर : अगं, दीड वाजता एका हाताने एवढं लिहिलंस, आधी ते काढून टाकलं असशील मनातून म्हणून थोडी झोप तरी लागली असेल अशी आशा करते.

सगळ्यात आधी त्या ड्रेसचं. बरं वाटलं याची लाज अजिबात वाटून घेऊ नकोस. चार महिने रात्रंदिवस एका जिवाला अंगावर वाढवणाऱ्या बाईला आरशात स्वतःची ओळख पटली तर आनंद होणारच, तो लेकीच्या वाटणीतून काढून घेतलेला नाहीये. आणि दूध आलं ते तिचं रडणं ऐकून आलं, शरीराने लगेच हाक ओळखली. दोन्ही एकाच मिनिटात, एकाच ड्रेसमध्ये झालं ना? मग दोन्ही खरंच आहे. तू आधी मनाचा एकच निकाल लागायची वाट बघत असशील तर तो जूनपर्यंत लागणार नाही, पुढच्या जूनपर्यंतही नाही. घालमेल राहू दे, निर्णय तिच्यासकट घ्यायचा.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि एक गोष्ट खुपली. नवरा अख्ख्या पत्रात दोन ओळींत आहे. एकदा लोटे, एकदा पैसे. "तुला योग्य वाटेल ते कर" हे ऐकायला फार चांगलं वाटतं गं, पण त्याचा अर्थ चुकलं तर तुझं चुकलं असा होतो. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाहीये, बहुतेक त्याला सुचत नसेल. त्याला काम दे. शिफ्ट ड्युटी म्हणजे काही आठवडे तो दिवसा घरी असणार, त्या आठवड्यांत तिला कोण नेणार, कोण आणणार, आजारी पडली तर पहिली सुट्टी कुणाची, हे कागदावर लिहा दोघांनी बसून. पाळणाघर बघायला त्यालाही घेऊन जा, एकटी जाऊ नकोस. आणि आईशी बोलायचं काम पण त्याचंच आहे, सुनेने सासूला नाही म्हणणं आणि मुलाने आईला समजावणं यात किती फरक पडतो हे मी तुला सांगायला नको.

आता सासूबाईंचं. माझं मत स्पष्ट सांगते, आत्ता तिला गावी ठेवू नकोस. त्यांच्या मायेत कमी आहे म्हणून नाही. लेक अंगावर पितेय, आठवड्यातून दोन दिवस भेटून दूध टिकत नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि त्यानंतर वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तुझं तर जॉइन होताना सहा महिने पुरे व्हायला जेमतेम तीन आठवडे उरतात. दुसरं म्हणजे जून-जुलैत लावणीला वाकलेल्या बाईकडे पाच महिन्यांचं बाळ कोण बघणार? त्या नाही म्हणणार नाहीत, पण बाळ पडवीत झोळीत आणि आजी चिखलात असं होईल, आणि त्यांनाच त्याचा त्रास होईल. वर्षाची झाली की दिवाळीला, मे महिन्यात आठ-आठ दिवस आजीकडे नेत जा, तेव्हा ती परसात कोंबड्यांमागे धावेल, तो काळ आजीचा. हे त्यांना असंच सांगा, "आत्ता नाही" म्हणा, "नाही" म्हणू नका.

आणि पोरकं करण्याचं जे त्या म्हणतात ना, त्यावर त्यांना बोर्डीची गोष्ट सांग. पाळणाघर हे काही मुंबईहून आलेलं फॅड नाही. आपल्याच किनाऱ्यावर, डहाणूजवळ बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. आदिवासी पाड्यांवरच्या थोरल्या मुली शाळेत येईनात, कारण आई मजुरीला गेली की कडेवर धाकटं भावंड असायचं. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात घेतली, धाकटं पाळणाघरात आणि थोरली वर्गात. अंगणवाडी ही कल्पनाही तिथलीच, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. आणि खरं सांगू का, तुझ्या सासूबाईंची पोरं वाढली ती काय त्यांनी एकटीने वाढवली? जाऊ, नणंद, शेजारची म्हातारी, सगळ्यांनी मिळून सांभाळली. फक्त तेव्हा त्याला पाळणाघर म्हणत नव्हते.

अमेरिकेत १९९१ पासून एनआयसीएचडी या सरकारी संस्थेने तेराशेहून जास्त मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला, कोण आईकडे वाढलं, कोण बाहेर. फक्त आईने सांभाळलेली मुलं आणि बाहेर राहिलेली मुलं यांच्या वाढीत त्या एका कारणाने फार फरक पडला नाही, घर कसं आहे आणि आई मुलाशी कशी वागते याचा परिणाम त्याहून मोठा निघाला. सांभाळणारी व्यक्ती मुलाशी बोलणारी, त्याला प्रतिसाद देणारी असेल तर भाषा वगैरे चांगली वाढली. आणि हे पण सांगते, लपवत नाही, खूप जास्त तास बाहेर राहिलेल्या मुलांत हट्टीपणा, मारामारी थोडी जास्त दिसली. तिकडचं सगळं जसंच्या तसं चिपळूणला लागू होईल असं नाही, पण त्यातून मी इतकं घेते की जागेपेक्षा माणूस बघायचं आणि तास होतील तेवढे कमी ठेवायचे.

तर माणूस कसं बघायचं? माझंच सांगते. माझा मुलगा सात महिन्यांचा असताना मी त्याला एका पाळणाघरात ठेवलं, स्वच्छ, भिंतीवर चित्रं, बाई गोड बोलणाऱ्या. पंधरा दिवसांनी एकदा दुपारी तीनलाच न सांगता गेले तर सगळी मुलं टीव्हीसमोर ओळीने आणि माझा कोपऱ्यात, ओल्या लंगोटात, ओठांना मध लावलेला. रडला की मधाचं बोट, त्यांची पद्धतच होती ती. वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो, त्यातल्या जंतूंनी बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, हे मला तेव्हा डॉक्टरांकडून कळलं. त्या बाई दुष्ट नव्हत्या, एका बाईला अकरा मुलं, त्या तरी काय करतील. पण मी त्याच दिवशी त्याला उचललं.

म्हणून तुझ्या त्या काकूंकडे नऊ मुलं आहेत हे वाचून मी पहिलं विचारीन ते हे, की नऊपैकी वर्षाखालची किती आणि हाताखाली कोण आहे? एका बाईकडे वर्षाखालची तीनपेक्षा जास्त बाळं नकोत असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात, आग लागली तर एका माणसाला किती बाळं उचलून बाहेर पळता येईल हाही त्यामागे एक हिशोब आहे. तू चिपळूणची आहेस, आगीच्या जागी पाणी घाल. २२ जुलै २०२१ चा पूर तू विसरली नसशील. तळमजला म्हणालीस ना? मग सरळ विचार त्यांना, "काकू, पाणी भरायला लागलं तर मुलांना घेऊन कुठे चढता? वरच्या मजल्यावर कोण राहतं, त्यांना सांगून ठेवलंय का? २०२१ च्या पुरात तुमच्याकडे किती पाणी होतं?" ज्या बाईने याचा आधी विचार केलाय तिच्याकडे उत्तर तयार असतं, ती रागावत नाही. आणि परशुराम घाट बंद झाला तर नवरा लोट्यालाच अडकणार, तेव्हा तू ऑफिसात आणि तो पलीकडे, अशा दिवशी बाळाला हक्काने उचलून आणू शकेल असं एक माणूस त्याच गल्लीत हवं. शेजारीण चालेल, तिची काकूंशी ओळख करून दे.

बाकी काय बघायचं, तर तू गेल्यावर त्या बाई तुझ्याशी बोलतात की बाळाशी ते बघ. बाळाला उचलायच्या आधी त्याच्या डोळ्यांत बघून काही बोलतात का. रडणाऱ्याला किती वेळाने घेतात. झोपवताना उताणं, घट्ट गादीवर झोपवतात का, की राईची उशी, भोवती गोधड्यांचा ढीग आणि वर दुपटं (हे नको, तोंडावर येतं). ओव्याची धुरी देतात का, तीही नको, एवढ्याशा फुप्फुसांना धूर कशाला. दुपारी तीनला न सांगता आलं तर चालेल का, हे विचार आणि चेहरा बघ.

मावशींचा पर्याय वाईट नाही, एकच बाळ, आपलंच घर, पावसात बाहेर काढायला नको. पण त्या आजारी पडल्या, गावी गेल्या तर तुझ्याकडे दुसरं काहीच नाही, आणि दिवसभरात त्यांना बघणारं कुणी नाही. तुझ्या पोटात गोळा येतो म्हणालीस, त्या गोळ्याचं ऐक. भीती वेगळी आणि वाईट वाटणं वेगळं. वाईट तर सगळीकडेच वाटणार आहे, पण भीती वाटत असेल तिथे बाळ ठेवायचं नाही. म्हणून काकू या परीक्षेत पास झाल्या तर मी काकूंकडे कल देईन, आणखी एक कारण म्हणजे मागची गल्ली आणि बाजारपेठ, स्कूटीवर दहा मिनिटं असेल फार तर. कायद्याने मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत तुला दिवसात दोन नर्सिंग ब्रेक मिळतात, जेवणाच्या सुट्टीशिवाय. ऑफिसनेच पाळणाघराची सोय करायची सक्ती २०१७ पासून ५० आणि त्यावर स्टाफ असलेल्या ठिकाणी आहे, तुमच्या चौदा जणांच्या पतसंस्थेला नाही, पण ब्रेक आहेत. मॅनेजरला आत्ताच लेखी अर्ज दे, जूनमध्ये काउंटरवर रांग लागलेली असताना मागू नकोस. म्हणजे दुपारी जाऊन पाजून येता येईल, तेवढंच तुलाही हलकं वाटेल.

दूध काढून ठेवायचं तर लक्षात ठेव, बाहेर २५ अंशाच्या आसपास चार तास, आणि आपल्याकडे मे-जूनमध्ये खोली तीसच्या वर असते तेव्हा तेवढाही भरवसा नको, काढलं की लगेच फ्रीजमध्ये, तिथे चार दिवस टिकतं. पण पावसात लाइट जाते, तासन्‌तास जाते, म्हणून चार दिवसांचा साठा करूच नकोस, दुसऱ्या दिवसापुरतं काढ. गरम पाण्यात बाटली धरून कोमट करायचं, उकळायचं नाही, आणि वाटी-चमच्याने पाजायची सवय आत्ताच लाव, तीही तू नाही, नवऱ्याने. तुझ्या हातून ती चमचा घेणार नाही, तिला माहितेय ना खरी गोष्ट कुठे आहे. जूनच्या शेवटी सहा महिने झाले की नाचणीचं सत्त्व, मऊ भात-वरण, म्हणजे काकूंचंही सोपं होईल.

आणि एकदम जूनच्या सोमवारी नेऊन ठेवू नकोस. मेच्या मध्यापासून सुरुवात कर. पहिले दोन-तीन दिवस तू तिथेच बस तासभर, मग तू भाजी आणायला जा आणि ये, मग दोन तास, मग एक झोप तिकडे होऊ दे. तुझी वापरलेली ओढणी तिथे ठेव, वास ओळखतात ही मुलं (झोपताना मात्र जवळ ठेवायची नाही). जाताना चोरून जायचं नाही, सांगून जायचं, "आई जाऊन येते", कळत नसलं तरी. पाचव्या महिन्यात ती बहुतेक पटकन रुळेल आणि तुला वाटेल झालं. मग गणपतीच्या सुमारास, आठ-नऊ महिन्यांची झाली की अचानक दारातच रडायला लागेल, तुझा ड्रेस सोडणार नाही. तेव्हा काकूंनी काही केलं असं लगेच मनात आणू नकोस, त्या वयात आई वेगळी आणि ती गेलीय हे पहिल्यांदा उमगतं, सगळ्यांचंच होतं. पहिल्या पावसाळ्यात सर्दी-खोकलाही घरी आणेल, चार रजा त्यासाठी राखून ठेव, दोन तुझ्या, दोन त्याच्या.

राहिलं ते तुझं शेवटचं, ती दुसरीच्या अंगाखांद्यावर खिदळली तर बघवेल का.

त्या पहिल्या पाळणाघरातून काढल्यावर माझा मुलगा शेजारच्या वहिनींकडे राहायला लागला. एक दिवस साडेपाचला घ्यायला गेले, हात पुढे केले आणि त्याने त्यांच्या खांद्यात तोंड लपवलं. घेतला तर केसांना त्यांच्या खोबरेल तेलाचा वास, माझा नाही. घरी येऊन मी डबा घासत उभी राहून रडले, नळ चालू ठेवून, नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. खूप लागलं होतं ते, तुला लागणार नाही असं खोटं सांगणार नाही. पण त्या रात्री दोन वाजता ताप भरला तेव्हा तो मलाच चिकटला, आणि सकाळी वहिनींनी दारातून "कसा आहे?" विचारल्यावर त्यांच्याकडे बघून हसलासुद्धा. तेव्हा मला बरं वाटलं, की मी नसताना याला रडावं कुणाजवळ हे ठाऊक आहे. तो आता मोठा झालाय, त्यांना आत्या म्हणतो. तुझी लेक काकूंकडे खिदळली तर समज की जागा बरोबर निवडलीस, आणि घरी येऊन रडायचं तर रड, पण नळ बंद ठेव, नवऱ्याला ऐकू जाऊ दे.

प्रश्न : मी देवगडची, वय ६१. मुलीला ठाण्यात पहिलं बाळ झालंय, ती म्हणते आई तू दोन वर्षं येऊन राहा, पाळणाघरात ठेवायचं नाही. नातवात जीव अडकलाय, पण इथे ह्यांचं बीपी, कलमं, माझी माणसं. आणि गुडघे. तिथे सातव्या मजल्यावर मला कोंडल्यासारखं होतं. हे मुलीला सांगवत नाही. आजीनेच नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील?

उत्तर : काकू, वरचं पत्र वाचा आणि ते तुमच्या मुलीलाही पाठवा, ती तिकडे तशीच रात्री जागी असेल. तुम्ही "नाही" म्हणतच नाही आहात, "दोन वर्षं नाही" म्हणताय, तसंच सांगा. मनातून नको असताना हो म्हणून गेलात तर चार महिन्यांत दोघींच्या तोंडून नको ते निघेल, आणि ते नातवाच्या देखत निघेल. आंबा संपला की जूनमध्ये जा. त्या काळात मुलीबरोबर तिकडचं चांगलं पाळणाघर बघा, नातवाला तिथे हळूहळू रुळवा, हे काम तुमच्याइतकं चांगलं दुसरं कुणी करणार नाही, तुमच्या नजरेतून बाई सुटणार नाही. गुडघ्यांचं स्वच्छ सांगा, बाळाला खाली बसवूनच भरवीन, घेऊन फेऱ्या मारणार नाही. काकांच्या गोळ्यांची वेळ शेजारी कोण बघणार ते जायच्या आधी ठरवा. आणि गणपतीला तुम्ही देवगडात घरी परत, ही तारीख आत्ताच सांगा, कोकणातल्या माणसाला याहून वेगळं कारण द्यावं लागत नाही. रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं आणि गणपतीच्या गाड्या मिनिटांत फुल होतात, तेवढं कणकवलीपर्यंतचं तिकीट काढायचं काम जावयांना आजच सांगून ठेवा.